मुरत ठेवलेल्या सोळा पेट्या आणि दोन स्टेंट

वाचकाचा प्रश्न : वय अठ्ठावन्न, मुक्काम पुणे. मर्चंट नेव्हीत उभी हयात गेली, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. करार संपवून घरी येताना २५ सिगारची एक पेटी आणायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यातले वर्षाकाठी दहा-बारा ओढायचे, बाकीचे मुरायला ठेवायचे. आज त्यांच्याकडे सोळा पेट्या आहेत, बहुतेक क्युबन. सगळ्यांत जुनी २००८ सालची पार्तागास सेरी डी नंबर ४, तिचं सील अजून फोडलेलं नाही. त्याशिवाय माँतेक्रिस्तो नंबर २, कोहिबा सिग्लो ६, ओयो दे माँतेरेय एपिक्युर नंबर २ वगैरे. सगळं हॉलमधल्या एका वाइन कूलरमध्ये. कुठली पेटी कुठल्या बंदरात, कितीला, कुणाबरोबर घेतली याची वहीसुद्धा आहे.

गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी तंबाखू कायमची बंद केली. त्यांनी ते पाळलंय, पण पेट्या जागच्या जागी आहेत. दर रविवारी ते कूलर उघडतात, पेट्या खालीवर करतात, वास घेतात. ‘कूलरच्या दाराचा आवाज झाला की ही स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहते, बोलत काहीच नाही,’ असं ते लिहितात. पत्नीचं एकच म्हणणं आहे : ही पीडा घरातून काढा. त्यांचं म्हणणं : ‘मी ओढत नाही, नुसतं सांभाळतो. चवही वाढतेय, किंमतही वाढतेय. सोनं कुणी उकिरड्यावर टाकतं का?’ एक मित्र निम्म्या पेट्या विकत मागतोय. त्यात गेल्या पावसाळ्यात दोन पेट्यांवर पांढरी भुकटी दिसली आणि एका सिगारला टाचणीएवढं भोक. आणखी दहा वर्षं ठेवू का, की विकू? दोन-तीन महिन्यांतून एखादा ओढला तर चालेल का? आणि बायकोला कसं समजावू?

नमस्कार,

आधी त्या भोकाचं बघू. बाकीचे प्रश्न महिनाभर थांबतील, हा थांबणार नाही.

टाचणीएवढं गोल भोक आणि आसपास बारीक तपकिरी भुगा म्हणजे तंबाखूचा किडा. लासिओडर्मा सेरिकॉर्ने हे त्याचं शास्त्रीय नाव. आपल्याकडे हळकुंडांना, सुंठीला, धन्याला लागतो तोच हा. अंडी पानात दडून असतात आणि हवा गार असेपर्यंत गप्प असतात. पारा चोवीस-पंचवीसच्या वर काही दिवस राहिला की अळी निघते, पान पोखरत एका सिगारमधून दुसऱ्यात जाते आणि बघता बघता पेटीची चाळण होते. क्युबात हल्ली निर्यातीआधी पेट्या गोठवतात, तरी एखादं अंडं सुटतं, नाहीतर शेजारच्या पेटीतून पाहुणा येतो. तुमचा कूलर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असेल आणि पलीकडे वर्षाचा मसाला भरून ठेवलेला असेल, तर तेही एकदा तपासा.

ती पेटी आजच बाजूला काढा, आणि तिच्या वरच्या-खालच्या दोनही. प्रत्येक पेटी जाड झिपच्या पिशवीत घालून हवा काढा, वरून दुसरी पिशवी चढवा. एक दिवस फ्रीजच्या खालच्या भागात, मग चार दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस खाली, आणि मग बाहेर. फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत जाणारा हवा. जुन्या एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका. बाहेर काढल्यावर खोलीइतकी उबदार होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. इथे घाई केली की पाणी सुटतं आणि वरचं पान तडकतं. कूलर तोवर रिकामा करून कोरड्या फडक्याने पुसा, कोपऱ्यातला भुगा काढा. डांबरगोळ्या किंवा कापूर मात्र चुकूनही आत नको. तंबाखू वास ओढून घेते, आणि तो वास मग कधीच जात नाही.

पांढऱ्या भुकटीबद्दल तुम्ही जरा अभिमानाने लिहिलंय, म्हणून सांगणं भाग आहे. सिगारमधलं तेल पृष्ठभागावर येऊन त्याचे पांढरे स्फटिक होतात, ते उत्तम मुरल्याचं लक्षण, त्याला ‘प्लूम’ म्हणायचं, ही समजूत शौकिनांमध्ये जुनी आहे. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक वेळी ती बुरशी निघते. भिंग घेऊन पाहा : कापसासारखे तंतू, एकेक ठिपका, त्याखाली पानावर हिरवट-निळसर डाग, आणि पेटी उघडताच बंद घराचा ओलसर वास. नुसत्या वरच्या पानावर असेल तर पुसता येते. सिगारच्या उघड्या टोकाशी, जिथे आतली पानं दिसतात, तिथे पोचली असेल तर तो सिगार टाकून द्यायचा, दुसरा उपाय नाही.

हे का झालं, तेही बघा. पुण्याची हवा सिगारला दोन्ही बाजूंनी छळते. एप्रिलच्या दुपारी ती इतकी कोरडी असते की पानाचा पापड होतो, आणि जुलैत भिंतींना ओल येते. सिगारला लागते आर्द्रता ६५ ते ७० टक्के, आणि माझ्या मते दीर्घकाळ ठेवायचे असतील तर ६५च्या आसपासच बरी. तापमान १६ ते १८ अंश, आपल्याकडे २० पर्यंत चालवून घ्यावं. वाइन कूलर तापमान सांभाळतो, आर्द्रता सांभाळत नाही. कॉम्प्रेसरवाला असेल तर तो सुरू होईल तेव्हा हवा कोरडी करतो, बंद पडला की बाटलीबंद ओल. वीज गेली की दोन्ही गणितं कोसळतात. शिवाय तुमचा आर्द्रता मोजणारा काटा खरं बोलतोय कशावरून? बाटलीच्या बुचात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं करा, काट्याबरोबर झिपच्या पिशवीत एक दिवस बंद ठेवा. काट्याने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी सांगतोय, म्हणजे तुम्ही इतके दिवस ७० समजून ७५वर पेट्या ठेवल्यात आणि बुरशीला आमंत्रण दिलंत. ज्यांच्या घरी असा साठा आहे त्या सगळ्यांनी ही चाचणी पावसाळ्याआधी करावी. स्पंज किंवा ट्रे वापरत असाल तर नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे ६५ टक्क्यांची बोव्हेडाची पाकिटं; ती आत ठेवली की आर्द्रता आपोआप तेवढीच राखतात.

आता मुरण्याचं.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : ‘जितकी वर्षं जास्त, तितका सिगार चांगला.’ तुमचा सगळा हिशेब या वाक्यावर उभा आहे, म्हणून ते जरा हलवून बघू या. पश्चिम क्युबातल्या पिनार देल रिओ प्रांतात, व्हुएल्ता आबाहो नावाच्या पट्ट्यात हे पान होतं. तोडून लाकडी कोठारांत टांगून वाळवतात, मग ढीग रचून आंबवतात, मग गाठोडी बांधून ठेवून देतात. वळला गेल्यावरही सिगारच्या आत आंबणं मंद गतीने चालूच असतं. ताज्या सिगारला जो अमोनियाचा झणका असतो तो पहिल्या वर्ष-दोन वर्षांत उडून जातो. तुरटपणा कमी होतो, पानापानांचे वास एकमेकांत मिसळतात. लोणचं मुरताना फोड आणि खार वेगळे कळेनासे होतात, तसंच हे. इथवर काळ तुमच्या बाजूने आहे. पण पानातला सुगंध ज्या तेलांत असतो ती तेलंही हळूहळू उडत असतात, आणि काळ त्यांनाही सोडत नाही. म्हणजे चढण आहे, माथा आहे आणि उतारही आहे.

माथा कुठे येतो ते सिगारच्या पोटावर ठरतं. रोपाच्या वरच्या भागातली, ऊन खाल्लेली जाड पानं, ज्यांना लिहेरो म्हणतात, ती जास्त असतील तर सिगार दमदार असतो आणि वर्षं पेलतो. पार्तागास, बोलिव्हार, रामोन आयोनेस हे त्या जातीचे. तुमची २००८ची डी ४ पहिल्यापासून तिखट म्हणून ओळखला जाणारा सिगार आहे. नीट ठेवली असेल तर ती आज उत्तम असेल. उलट ओयोची एपिक्युर नंबर २ मुळात हलकी, गोडसर. तिला पाच-सात वर्षं पुष्कळ झाली. दहा-बारा वर्षांनंतर बरेचदा वाळक्या गवताइतकाच वास उरतो. कोहिबाच्या काही पानांना कारखान्यातच तिसऱ्यांदा आंबवतात, त्यामुळे ती आधीच अर्धी वाट चालून आलेली असते. तेव्हा ‘आणखी दहा वर्षं’ हा एकच नियम सोळा पेट्यांना लावणं चूक आहे. त्यातल्या काही आज माथ्यावर आहेत, काही उतरणीला लागल्या आहेत, आणि दहा वर्षांनी जास्त चांगली होईल अशी पेटी मला तुमच्या यादीत एकही दिसत नाही. पार्तागासही नाही. ती टिकेल; पण आणखी चांगली होईल असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पेटीचं नेमकं वय वहीवरून काढू नका, पेटी उलटी करा. तळाशी शाईचा शिक्का असतो : तीन अक्षरांचा कारखान्याचा कोड आणि त्याखाली महिन्याची स्पॅनिश आद्याक्षरं आणि साल. ‘ईएनई’ म्हणजे जानेवारी, ‘एजीओ’ म्हणजे ऑगस्ट, ‘डीआयसी’ म्हणजे डिसेंबर. दुकानात तुम्ही २०१४ साली घेतलेली पेटी २०११चीही असू शकते. शिक्क्याच्या बाजूला ‘आबानोस एस.ए.’ (क्युबन सिगार जगभर विकणारी कंपनी) आणि ‘तोतालमेंते आ मानो’ (पूर्णपणे हाताने वळलेले) हे डागलेले शब्द असतात. १९९४ नंतरच्या पेट्यांवर कोपऱ्यात तिरकी ‘आबानोस’ पट्टी असते, आणि २०१० नंतरच्या सीलवर होलोग्राम व बारकोड, तो कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून बघता येतो. हे आधी तपासा. बंदरांवरचा माल तुम्हाला मी काय सांगू! काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी कुणी गळ्यात मारली असेल तर ती नकलीच.

किंमतीचा मुद्दा तुम्ही फार जोर देऊन लिहिलाय. किमती वाढल्या हे खरं आहे. मे २०२२मध्ये आबानोस कंपनीने जगभरचे दर नव्याने लावले, कोहिबा आणि त्रिनिदाद या ब्रँडचे तर हाँगकाँगमधल्या दरांच्या पातळीवर नेऊन ठेवले, आणि कित्येक देशांत एका रात्रीत दर दुपटीच्या पुढे गेले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओतली वाळवणीची कोठारं भुईसपाट केली. हवानाच्या वार्षिक महोत्सवात सजवलेले ह्युमिडोर, म्हणजे सिगार सांभाळायच्या पेट्या, लाखो युरोंना लिलावात जातात, हेही खरं. तो पैसा क्युबाच्या आरोग्यव्यवस्थेला दिला जातो. पण तुम्ही इंटरनेटवर बघता तो दुकानाने लावलेला विक्रीचा दर असतो. तुमच्या पेटीचे तेवढे पैसे तुमच्या हातात येतील का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि पुण्यात बसून त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

विमानतळावर आपल्याला १०० सिगारेट किंवा २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू करमाफ आणता येते. तुमची ‘दर वेळी एक पेटी’ याच मर्यादेत बसत होती. पण ही सूट सामानाला आहे, स्वतःच्या वापरासाठी; व्यापाराला नाही. भारतात विकायच्या तंबाखूच्या वेष्टनावर २००३च्या कायद्याप्रमाणे सचित्र इशारा लागतो, २०१६पासून तो दर्शनी भागाच्या ८५ टक्के जागेवर. तुमच्या पेट्यांवर तो नाही, आणि नाही म्हणूनच त्या संग्राहकाला देखण्या वाटतात. त्या इथे पैसे घेऊन देणं कायद्यात बसत नाही, मित्र कितीही जवळचा असो. लंडनला जुन्या हवाना सिगारांचे लिलाव होतात. पण तिथवर नेणं, तिथला कर, लिलावदाराचं कमिशन, आणि सगळ्यांत आधी ‘पंधरा वर्षं या पेट्या कुठल्या हवेत होत्या?’ हा प्रश्न. बुरशी आणि किडा लागून गेलेल्या कूलरमधल्या पेट्यांना काय उत्तर देणार? दुबईत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या वाचकांना हा मार्ग थोडाफार मोकळा आहे, पण त्यांनीही पावती, सील आणि तापमान-आर्द्रतेची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली असेल तरच. म्हणून सोन्याची उपमा इथे लागू पडत नाही. सोनं कपाटात किडत नाही, आणि सराफ ते कुठल्याही दिवशी घेतो.

आता तिसरा प्रश्न. तो तुम्ही पत्रात अगदी शेवटी, ‘चालेल का’ असा हळूच विचारलाय, आणि मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय.

नाही चालणार. तुमच्या डॉक्टरांनी ‘पूर्ण बंद’ म्हटलंय, त्यात तीन महिन्यांची फट नाही. मी डॉक्टर नाही, पण सिगारबद्दलचं जे ठाऊक आहे ते सांगतो. ‘सिगारचा धूर छातीत घेत नाही, म्हणून तो सिगारेटसारखा नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलेलं आहे. पण सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. छातीत ओढायची गरजच पडत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. निकोटिन ठोके वाढवतं, रक्तदाब वाढवतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, आणि हे सगळं नळीत स्टेंट असलेल्या हृदयाला सोसायचं असतं. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग हा हिशेब आणखी वेगळा. वर्षं मुरलेला सिगार जिभेला मऊ लागतो, शरीराला मऊ लागत नाही.

आणि रविवारचा तो वास. तुम्ही त्याला ‘निरुपद्रवी’ म्हटलंय. तंबाखू सोडणाऱ्यांना समुपदेशक पहिली गोष्ट सांगतात ती घरातली तंबाखू, लायटर, राखदाणी सगळं बाहेर काढायची, कारण ओढीला वास आणि जागा पुरेशी असते. तुम्ही वर्षभर एकही ओढला नाहीत, ही फार मोठी गोष्ट केलीत, मनापासून सांगतो. पण दर आठवड्याला स्वतःला चारशे सिगारांसमोर उभं करून ती केलीत. इतकी कडक परीक्षा दर रविवारी कशाला? ओढ फारच वाढली तर १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. चीफ इंजिनिअरने तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.

यावरून वहिनींकडे येतो. त्यांना कसं समजावू, असं विचारलंत. मला तर वाटतं त्यांना काही समजावून सांगायचं शिल्लक नाही. तुम्ही वर्षानुवर्षं समुद्रावर होता, त्या घर एकटीने सांभाळत होत्या. तुम्ही परत आलात आणि चारच वर्षांत त्यांनी तुम्हाला ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत जाताना पाहिलं. कूलरचं दार वाजलं की त्या येऊन उभ्या राहतात. कूलरमधल्या आर्द्रतेचं त्यांना काय? आज हात पेटीवरून पुढे जातोय का, एवढंच त्या बघत असतात. तुम्ही ‘मी ओढत नाही’ म्हणता ते खरंच आहे, पण हे खरं आहे की नाही याची खातरजमा त्यांना दर रविवारी नव्याने करावी लागते. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि ‘तीन महिन्यांतून एक’ हा प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारायला जीभ रेटत नसेल, तर उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

मग सोळा पेट्यांचं करायचं काय? ‘उकिरड्यावर टाका’ असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याने, वळणाऱ्याने आणि तुम्ही मिळून त्यांत जो वेळ घातलाय त्याची मला कदर आहे. सिगार हा माझ्याही जिव्हाळ्याचा विषय आहे.

तुमची वही मला या सगळ्यात मोलाची वाटते. पत्रात तुम्ही पार्तागासच्या चवीबद्दल अर्थातच काही लिहू शकला नाहीत, सील फोडलेलंच नाही. पण ती घेतली त्या दिवशी पाऊस होता, सेकंड इंजिनिअर बरोबर होता, दुकानदाराने कॉफी पाजली आणि जहाजावर परतायला उशीर झाला म्हणून दोघे धावत सुटलात, हे सगळं लिहिलंत. तुम्ही बंदरं जमवलीत. तंबाखू हा त्यातला असा भाग आहे की तो गेला तरी बाकीचं तुमच्याकडेच राहतं. सिगारवर गुंडाळलेल्या कागदी पट्ट्या जमवणारे लोक जगभर आहेत; नुसत्या पट्ट्या, पेट्यांवरचे छापील कागद, लिथोग्राफचे सोनेरी नक्षीकाम. माँतेक्रिस्तोच्या तलवारींचा त्रिकोण कुणाला आवडणार नाही? पेट्यांचं लाकूड, ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात, ते खरं तर आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड. तो वास वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यात तंबाखूचा अंश असल्याने पहिले काही महिने रिकाम्या पेट्याही उघड्या गच्चीत ठेवा, मग घरात आणा. त्यात तुमची सीडीसी (जहाजावरच्या नोकरीचं नोंदपुस्तक), जुनी पत्रं, पेनं, काय हवं ते ठेवा.

सिगार मात्र जाऊ द्या, आणि देताना पैसे घेऊ नका. तुमच्या त्या मित्राला सांगा, विकत नाही, देतो. पण निम्म्या पेट्या एकाला देऊ नका. त्याच्याकडे ठेवायची सोय नसेल तर दोन महिन्यांत सगळं वाळून जाईल, आणि सोय असेल तर एका माणसाच्या हाती दोनशे सिगार देण्यात शहाणपण नाही. जो आधीपासून ओढतो, जाणकार आहे, त्यालाच द्या. न ओढणाऱ्या पुतण्याला ‘एकदा बघ तरी’ म्हणून नाही, लग्नात पानाच्या तबकाशेजारी नाही, आणि अठराच्या आतल्या कुणाच्या हाताला लागेल असं तर मुळीच नाही. किडा लागलेल्या पेटीतले सिगार कुणालाच देऊ नका, गोठवून झाले तरी. आपल्या हाताने दुसऱ्याच्या ह्युमिडोरमध्ये संकट सोडायचं नसतं. ते आणि बुरशी आत शिरलेले, एवढे नष्ट करा.

क्रम असा ठेवा. ओयोसारख्या हलक्या पेट्या आधी, कारण त्यांचा काळ सरतोय. मग कोहिबा आणि माँतेक्रिस्तो. पार्तागास सगळ्यांत शेवटी, आणि ती कुणाला द्यायची ते वहीतच लिहिलंय : तो सेकंड इंजिनिअर आज कुठे आहे शोधा. तो अजून ओढत असेल तर सील त्याला फोडू द्या. त्यानेही सोडली असेल तर दोघे मिळून ठरवा. मला वाटतं तुम्ही दोघांनी पेटी फोडून सिगार तिसऱ्या कुणाला दिलेत आणि लाकूड व पट्ट्या वाटून घेतल्यात तरी चालण्यासारखं आहे. एक पेटी ‘आठवण म्हणून’ घरात ठेवू का, असं तुम्ही नक्की विचाराल. नको. आठवणीला रिकामी पेटी पुरते.

हे सगळं या दिवाळीच्या आत उरका, आणि तारीख वहिनींना सांगून टाका. तोवर कूलरला कुलूप लावा, किल्ली त्यांच्याकडे द्या, काटा बाहेरून दिसेल असा ठेवा. पेट्या देताना प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी द्या : तळाच्या शिक्क्यावरचा महिना आणि साल, कुठे घेतली, किती टक्क्यांवर ठेवली होती, गोठवली असेल तर कधी. आणि मुंबईला पोचवायच्या असतील तर थर्माकोलच्या डब्यात घालून सकाळी लवकर निघा. दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत पेट्या ठेवून फूड मॉलवर जेवायला थांबलात तर सतरा वर्षांचं सांभाळणं तासाभरात वाया जाईल.